खाली मूळ आहे

दादा,

परवा तुझा तेरावा झाला. पंगत उठल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुझा लॅपटॉप आणि ती काळी पाटी माझ्या हातात ठेवली. दोन्ही तुझ्याच कारखान्यातल्या एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. "वन्सं, ह्ये तुमच्याकडंच द्यायचं म्हणलं व्हतं त्येंनी," ती म्हणाली. मी लगेच विचारलं, "कधी म्हणला?" "म्हणलं व्हतं की कवातरी." कवातरी म्हणजे कधी? आपलं भांडण व्हायच्या आधी की नंतर? वहिनीचे डोळे रडून सुजलेले, आणि मी तिच्यासमोर उभी राहून तारखा विचारतेय. तू असतास तर म्हणाला असतास, हिला माझ्या तेराव्यालासुद्धा चौकशी लागते.

लागते. बत्तीस वर्षं बँकेत मी एकच काम मन लावून केलं. चेकवरची सही काढायची, नमुन्याच्या कार्डावरच्या सहीशेजारी ठेवायची आणि बघत बसायचं. लोक चिडायचे. हिनं तर रिटायर होताना स्वतःच्या निरोपपत्रावरच्या सह्याही तपासल्या, असं तू चारचौघांत सांगायचास. तपासल्या होत्या, एक चुकीची निघाली होती, ते मात्र तू कधी सांगायचा नाहीस.

तेव्हा आज तुला लिहिते आहे तेही सरळ मनानं नाही. तू माझ्यापासून काय लपवलंस ते मला कळलं आहे, आणि ते तुला सांगायचं आहे.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि तू अकराचा. तिचा एकच फोटो, बार्शीच्या स्टुडिओत जाऊन काढलेला. जेऊरच्या घरी पत्रा गळला, फ्रेममध्ये पाणी शिरलं आणि फोटो काचेला चिकटला. अप्पा काच काढायला गेले आणि आईची डावी बाजू काचेबरोबर निघून आली. नाकाच्या शेंड्यापासून पुढं सगळा पांढरा पापुद्रा. अप्पांनी तो तसाच परत भिंतीवर लावला. मला आई आठवत नाही, दादा, मला तो अर्धा फोटो आठवतो. फार लहान असताना मला वाटायचं की आई अशीच होती.

तुझं बरं होतं. तू तिला बघितलेलं. आयुष्यभर मला तुझा हेवा फक्त ह्या एका गोष्टीचा वाटला. "सांग की, कशी दिसायची?" असं विचारलं की तू म्हणायचास, "चांगली दिसायची." बस. पुढं एक शब्द नाही. मला वाटायचं, ठेवून घेतोय स्वतःपाशी.

संशय घ्यायला तूही कमी जागा दिली नाहीस. मी पहिल्या बाळंतपणाला आले, आई नाही म्हणून तुझ्याकडंच. दवाखान्यातून बाळाला घेऊन घरात पाऊल टाकलं, आणि तू पहिलं वाक्य काय बोललास? "सुमे, कानातलं काढून ठेव." ना बाळाकडं बघणं, ना मला बस म्हणणं. वर संध्याकाळी पुन्हा विचारलंस, "काढलंस का?" माझ्या सासरच्या कुड्या होत्या त्या. मी त्या रुमालात बांधून उशीखाली ठेवल्या आणि दीड महिना रोज सकाळी मोजल्या. दोनच होत्या, तरी मोजल्या. तुला काय भीती होती ते विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, मनात मात्र धरून ठेवलं.

चादरीच्या कारखान्यात तू डिझाइन मास्तर. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट रंगवत बसायचास, मग तेच मागावर विणून यायचं. एकदा मी तुझ्या टेबलाशी आले होते. समोरासमोर तोंड केलेल्या दोन मोरांची चादर निघायची होती आणि तुझ्या कागदावर एकच मोर. "दुसरा कुठाय?" म्हटलं. "दुसरा कशाला काढायचा? अर्धं काढायचं, अर्धं उलटून घ्यायचं. लोकं म्हणत्यात, काय कष्ट घेतल्यात!" असं म्हणून तू डोळा मारलास. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं.

मग तू रिटायर झालास आणि मंजूनं पुण्याहून तुला ही पाटी पाठवली. पेन टॅब्लेट म्हणतात, पण लेकीची भेट आपण पहिल्या दिवसापासून पाटीच म्हटली. पाटीवर पेन फिरवायचं आणि रेघ उमटायची समोर पडद्यावर. पेनात शाई नाही, सेल नाही, चार्जिंग नाही. मी ते उघडून बघायला गेले तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. "अगं मोडशील! चालतंय न्हवं? मग झालं की." चालतंय म्हणून झालं, असं बँकेत कोणी म्हटलं असतं तर मी त्याला घरी बसवला असता.

तरी मी रविवारी सकाळी तुझ्याकडं शिकायला यायला लागले. हात एकीकडं आणि नजर दुसरीकडं, काही केल्या जमेना. सरळ रेघ मारावी तर ती गोगलगाईसारखी जायची. तू शेजारी बसून चहा पीत म्हणायचास, "हाताकडं बघू नगं. हाताला कळतंय त्येचं." एकदा तू म्हणालास, सही कर. केली. पडद्यावर जी उमटली ती बघून मला घाम फुटला. ती सही घेऊन मी स्वतः माझ्या काउंटरला आले असते तर मीच मला परत पाठवलं असतं. तू इतका हसलास की वहिनी लाटणं हातात घेऊन बघायला आली.

गल्लीतल्या लोकांचे जुने फोटो तू दुरुस्त करून द्यायला लागलास. डाग घालवायचे, घड्या घालवायच्या. मग एकजण लग्नाचा फोटो घेऊन आला, म्हणाला, ह्यातून आमचा मेहुणा काढून टाका, बोलणं नाही आमचं. आणि तू टाकलास काढून! त्याच्या जागी मांडवाचा खांब आला. मी केवढी ओरडले. हे खोटं आहे, दादा. उद्या त्याची नातवंडं म्हणतील, मेहुणा लग्नाला नव्हताच. तू शांतपणे मला लेयर दाखवलेस. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच जणू. प्रत्येकाच्या नावापुढं एक छोटा डोळा. डोळ्यावर टिचकी मारली की तो कागद दिसेनासा होतो, परत मारली की परत. तू खांबाच्या डोळ्यावर टिचकी मारलीस आणि मेहुणा तिथंच उभा, फेटा घालून. "मी पुसत नसतो कुणाला," म्हणालास. "झाकतो. समेट झाला की येत्याल मागायला." वर्षभरात आले की. तू मेहुणा परत दिलास आणि त्यांनी पेढे आणले. ते मी खाल्ले, पण आधी विचारून, कुठले आहेत म्हणून.

आईचा फोटो तू कधी हातात घेतलास ते मला कळलंच नाही. अप्पांच्या पश्चात तो तुझ्याकडंच होता. एका रविवारी आले तर पडद्यावर नुसता एक कान. पडद्याएवढा मोठा केलेला. "वळख कुणाचा," म्हणालास. मी बघितलं. कानाच्या पाळीपाशी रेघ तुटून खाली ओघळली होती, पाळीचे दोन भाग झाल्यासारखं. वर्ष-दीड वर्ष पेन हातात धरल्यावर मलाही आता चुका कळायला लागल्या होत्या, आणि तुझी चूक सापडल्याचा तर मला नुसता आनंद झाला. "हात हलला की तुझा," मी म्हटलं. "पाळी बघ कशी झालीय. मोठा मास्तर!" तू मग "हं" म्हणालास, आणि चहा ठेवायला सांगायला आत गेलास.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलंस. भिंतीवर नवी फ्रेम होती. अख्खी आई. दोन्ही डोळे, दोन्ही गाल, डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागं सारखा. वहिनीनं हार घातलेला. तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडं बघत होतात.

मी रडायला हवं होतं, नाही का? तुम्हाला तेच वाटलं होतं. पण माझ्या मनात आलं, ही कोण बाई?

दादा, तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी मी तेव्हा धड सांगू शकले नाही. खोटी सही वेगळी दिसते म्हणून सापडते, असं लोकांना वाटतं. उलट असतं. माणूस दोनदा सही करतो तेव्हा दोन्ही सह्या कधीच तंतोतंत एक येत नाहीत. रेघ न् रेघ जुळली की समजायचं, खाली ठेवून गिरवलेली आहे. ह्या बाईचे दोन गाल रेघ न् रेघ जुळत होते. दोन्हीकडं सारखाच उजेड पडलेला. मी म्हटलं, "जरा जास्तच जुळतंय."

"म्हंजी?"

"म्हणजे डावी बाजू कुठून आणलीस?"

"आठवून काढली."

"मूळ फोटो दाखव."

तेव्हा वहिनी म्हणाली की मूळ फोटो सीना नदीत सोडला. खंडित फोटो घरात ठेवत नाहीत, नवा झाला की जुना वाहत्या पाण्यात सोडतात. मला ती रीत माहीत आहे. देवाच्या तसबिरी मीही सोडल्या आहेत. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच आलं, पुरावा नष्ट केला. आणि मी ते बोलले. साठ वर्षं भिंतीवर असलेली माझी आई, अर्धी का होईना, तू मला न विचारता नदीत सोडून आलास. तिच्या जागी ही कुणीतरी आणून टांगलीस आणि वर हार घातलास.

तुझा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "सुमे, मी बघितलंय तिला! तू बघितलं न्हाईस. मी सांगतोय, अशीच व्हती."

ते एकच तर माझ्याकडं नव्हतं. तू तेच काढून मारलंस. मी चपला घातल्या. तू जिन्यापर्यंत मागं आलास, आवाज खाली आणून म्हणालास, "अगं, खाली मूळ आहे. स्कॅन करून ठिवलंय. येऊन बघ की, वरचे सगळे डोळे बंद कर आन् बघ." मी वळले नाही. त्यानंतर तीन रविवार आले नाही. तू फोन केलास, मी गुडघा दुखतोय म्हटलं. तू म्हणालास, बरं. गुडघा दुखत नव्हता, हे तुला कळलं होतं हे मला माहीत आहे. चौथ्या रविवारी तू नव्हतासच.

म्हणून काल दुपारी जेवण झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि लॅपटॉप उघडला. पासवर्ड तू झाकणावरच चिठ्ठी डकवून लिहिलेला, त्याला पासवर्ड का म्हणायचं तुलाच ठाऊक. पाटी जोडली. 'आई' नावाची फाइल समोरच होती. खरं सांगते, तुला पकडायलाच मी बसले होते. तू गेलास म्हणून माझा राग काही गेलेला नव्हता.

सगळ्यात खाली लेयर होता, 'मूळ'. वरचे सगळे डोळे बंद केले आणि माझी अर्धी आई आली. तशीच, पापुद्र्यासकट. पुरावा नष्ट केला म्हणाले होते, ते शब्द मी मागं घेते. त्याच्यावर 'डाग', त्याच्यावर 'केस', आणि त्याच्यावर स्वच्छ लिहिलेलं, 'गाल उलटून'. मोराची चादर! अर्धं काढायचं, अर्धं उलटून घ्यायचं. माझी नजर चुकली नव्हती. घरात कोणी नव्हतं तरी मी मोठ्यानं म्हटलं, "सापडलास!"

पण यादी तिथं संपत नव्हती. वर अजून लेयर होते, डोळे तू आधीच बंद करून ठेवलेले. 'आई १', 'आई २', करत करत 'आई २३' पर्यंत. मी एकेक उघडला. प्रत्येकात तू डावी बाजू हातानं काढलेली, नव्यानं. पाचव्यात डोळा मंजूचा होता. आठव्यात हनुवटी सरळ सरळ माझी. बाराव्यात सगळा चेहरा वहिनीचा झाला होता, ते तुझ्याही लक्षात आलं असणार, कारण तो अर्ध्यात सोडलेला. एकोणिसाव्यात नुसती भुवई. शेवटच्यात नुसती एक रेघ, कपाळापासून निघालेली आणि गालापर्यंत येऊन थांबलेली. त्यानंतर तू गाल उलटवलास.

तुला आठवत नव्हती, दादा. तुलाही आठवत नव्हती.

तू अकरा वर्षं तिला रोज बघितलंस आणि तुझ्याकडंही तो अर्धा फोटोच उरला होता. "चांगली दिसायची," एवढंच का म्हणायचास ते मला काल कळलं. मी जन्मभर तुझा हेवा केला तो कशाचा? मला हे सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी हसले असते, असं वाटलं का तुला? हसले असते कदाचित. पण नंतर आपण दोघं मिळून रडलो असतो. तेवढा भरवसा तू माझ्यावर टाकायला हवा होतास. तो मी कमावला नव्हता, हेही खरं.

डोळे पुसून फाइल बंद करणार होते, तेवढ्यात यादीत अगदी वर अजून एक नाव दिसलं. त्याचाही डोळा बंद होता. तू लिहिलं होतंस, 'कान. सुमीला पटला नाही'.

उघडला. तीच पाळी, मधोमध फाटलेली, दोन टोकं जरा लांब झालेली. आता मी खालच्या 'डाग', 'केस', 'गाल उलटून' ह्यांचे डोळेही उघडले आणि ती पडद्याएवढी मोठी न करता चेहऱ्यावर बघितली. रेघ कुठंही थरथरलेली नव्हती. एकेक चौकट रंगवून केलेलं काम होतं ते. चुकून होणारं नव्हतं.

तरी मी मीच. वहिनीला फोन लावला. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत म्हणून नुसतं विचारलं, "आईच्या कानाबद्दल दादा कधी काय बोलला होता का गं?"

"कान व्हय?" ती म्हणाली. "डावा कान फाटका व्हता की त्येंच्या आईचा. ह्येंनीच वडला म्हणं, तान्हं असताना. जड कानातलं व्हतं, गच्चकन वडलं आन् पाळीच तुटली. आई सारखी सांगायची म्हणं हसून, ह्या गड्यानं माझा कान फाडला. मंजू झाली तवा मला वर्षभर काय घालू दिलं न्हाई कानात. तुमी बाळतीण हुऊन आलता तवा तुमालाबी काढायला लावलं की. इसरला व्हय?"

मी विसरले नव्हते, दादा. दीड महिना मोजत होते.

फोन ठेवला आणि परत पडद्यावरच्या आईकडं बघितलं. तिच्या सगळ्या चेहऱ्यातली एकच गोष्ट तुला खरी आठवत होती, आणि ती तू केलेली जखम होती. ती तू मला दाखवलीस. सगळ्यात आधी मला. आणि मी, सही तपासणारी, खरी सही हातात आली तर तिला खोडाखोड म्हणून परत पाठवली. मग तू ती झाकलीस, आणि मागाहून मी तुला खोटारडा म्हटलं. मला क्षमा कर, असं लिहायला ही सगळी पानं लागली. दुसरं काही सांगायचं नव्हतं.

कानाचा डोळा मी चालू ठेवला. पेन हातात होतं, पाळीची कड थोडी मऊ करावी असं मनात येऊन गेलं, पण हात लावला नाही. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि आज सकाळी सात रस्ता चौकात गेले, एका स्टुडिओत. काउंटरवरच्या गृहस्थांनी फोटो पडद्यावर घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "फोटो झकास केलाय. पर मॅडम, हितं कानापाशी चुकलंय बघा. फाटल्यावानी दिसतंय. दोन मिनिटात साफ करून देतो."

"नको."

"अवो, पैसं न्हाई घेत त्येचं. प्रिंट मोठी हाय, भिंतीवर लई उठून दिसंल. बघणारा पयलं तितंच बघंल."

"बघू दे. तो कान तसाच होता."

ते माझ्याकडं बघायला लागले, मी आजवर काउंटरपलीकडच्या लोकांकडं जसं बघत आले तसं. "तुमी बघितलंय व्हय त्यांना?"

"मी नाही," मी म्हटलं. "माझ्या भावानं बघितलंय."